व्यायाम एक, फळें निरनिराळीं

नेमानें व्यायाम केला कीं रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरलेंच पाहिजे, अशी समजूत आज सुशिक्षित घरांत रूढ झाली आहे. तिच्यांत तथ्य आहे. परंतु ती सरसकट खरी मानली, तर एखाद्या नेकीच्या माणसावर आळसाचा ठपका येतो.

समजा, अहिल्यानगरजवळच्या केडगांवांतील दोन शेजारी रोज पहाटे रेणुकामातेच्या देवळाच्या दिशेनें सारख्याच गतीनें चालतात. दोघांचा आहारहि साधा. पांच महिन्यांनीं रक्त तपासलें, तों एकाचे आकडे सुधारलेले आणि दुसऱ्याचे होते तेथेंच. घरचीं माणसें दुसऱ्याला म्हणतात, “तुम्ही मनापासून चालतच नाहीं!” हा न्याय झाला काय?

दिसण्यांत सारखीं शरीरें आंतून सारखीं असतातच असें नाहीं. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं २००४ सालीं स्वतःची व ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, परंतु शरीरांतील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिनांची ९.१ टक्के!

कोलेस्टेरॉल शरीराला आवश्यकच असून तें मुख्यतः शरीरांतच तयार होतें. एलडीएल नांवाचे कण तें पेशींकडे नेतात. ते फार वाढल्यास धमन्यांच्या भिंतींत थर सांचतात. एचडीएल कण उरलेलें कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात. चालणें, पोहणें, सायकल अशा दमाच्या व्यायामानें रक्तांतील ट्रायग्लिसराइड घटतें व एचडीएल बहुधा थोडें वाढतें. एलडीएलवरील परिणाम मात्र सहसा बेताचाच असतो.

‘बहुधा’ या शब्दांतच सारें मर्म आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘हेरिटेज’ या नांवाच्या अभ्यासांत अमेरिका व कॅनडांतील संशोधकांनीं अनेक आईबापांना व त्यांच्या प्रौढ मुलांना २० आठवडे, आठवड्यांतून ३ वेळां, देखरेखीखालीं सायकल चालवावयास लाविलें. चुकारपणाला तेथें वाव नव्हता. एचडीएल सरासरीनें ३.६ टक्के वाढलें. पण सर्वांत पुढच्या चौथाई लोकांत वाढ सुमारें १८ टक्के होती, तर सर्वांत मागच्या चौथाईंत सुमारें ९ टक्के घट झाली. यांतील कांहीं फरक रक्ताच्या नित्य चढउताराचा असतो, हें खरें. तथापि नात्यांतील माणसांचे प्रतिसाद परस्परांशीं अधिक जुळतात, असें आढळलें. म्हणजे आनुवंशिकतेचा हात त्यांत आहे.

हा वारसा एका जनुकाचा नसतो. एपीओई जनुकाच्या तीन प्रमुख प्रकारांमुळें एलडीएलची मूळ पातळी कमीजास्त होते. सीईटीपी जनुक एचडीएलमधील कोलेस्टेरॉल इतर कणांत पोंचविणारें प्रथिन घडवितें. अशा अनेकांचा थोडाथोडा वाटा असल्यामुळें एखादें जनुक तपासून व्यायामाच्या फळाचें भविष्य वर्तवितां येत नाहीं.

कांहीं घरांत मात्र दोष ठळक असतो. रक्तांतील एलडीएल उचलून घेणारे ग्राहक जन्मतःच उणे पडतात. या ग्राहकांसंबंधींच्या शोधाबद्दल गोल्डस्टीन व ब्राऊन यांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सुमारें २५० माणसांत एकाला हा दोष असतो, आणि केवळ चालून त्याचें भागत नाहीं. औषध घ्यावें लागतें. म्हणून घरांत कोणास ऐन उमेदींत हृदयविकार झाला असेल, तर भावंडांनीं व मुलांनीं रक्त तपासून घ्यावें.

मग व्यायाम सोडावा काय? मुळींच नाहीं. रक्तदाब, रक्तांतील साखर, हृदयाची शक्ति यांना होणारा व्यायामाचा लाभ कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर अवलंबून नसतो. तेव्हां ज्याचा आकडा उतरला नाहीं, त्याला टोचून बोलण्याऐवजीं घरच्यांनीं त्याला डॉक्टरांकडे न्यावें, आणि त्याच्या फिरण्याच्या नेमांत खंड पडूं देऊं नये.