औषध दिल्यानंतरचे काम

चेन्नईतल्या दवाखान्यांत, फार्मसीत काम करणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

मूत्रपिंडाचा आजार हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत जातो. त्यावरची औषधे रुग्ण घरी कशी सांभाळतो, याविषयी मला बोलायचे आहे.

नोव्हेंबर 1975 मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. जसलोकमध्ये त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईत आले. डायलिसिसचा खर्च आणि यातना जवळून पाहिलेल्या या डॉक्टरांनी किडनी हेल्प ट्रस्टतर्फे श्रीपेरुंबुदूरच्या बाजूच्या खेड्यांत काम सुरू केले. आरोग्यसेविका घरोघर जाऊन लघवीतली प्रथिने आणि साखर तपासत, रक्तदाब मोजत. दोष सापडला की जुन्या, स्वस्त गोळ्या सुरू होत. त्या गोळ्या लागू पडल्या, याचे बरेचसे श्रेय मी दारात येऊन चौकशी करणाऱ्या त्या बायांना देतो. 2021 मध्ये तमिळनाडू सरकारने ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजना आणली. तिच्यात रक्तदाब-मधुमेहाची औषधे आणि पोटातून करायच्या डायलिसिसच्या पिशव्याही घरपोच मिळतात. हा या राज्याचा मोठेपणा आहे.

मात्र प्रत्यारोपण झालेला रुग्ण आपल्या काउंटरवर येतो, तेव्हा त्याची चौकशी कोण करते? त्याला घ्याव्या लागणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचेच पाहा. रक्तातले त्याचे प्रमाण कमी पडले तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारते, जास्त झाले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते. ‘लेव्हल’साठी रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचे असते. कित्येक जण गोळी घेऊन मग लॅबमध्ये जातात, आणि त्या फसव्या आकड्यावरून डोस बदलला जातो. सर्दी-खोकल्यावर कुणी क्लॅरिथ्रोमायसिन दिले किंवा बुरशीवर फ्लुकोनॅझोल, तर लेव्हल चढते. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले तर कोसळते. दिवसातून एकदा घ्यायची कॅप्सूल आणि दोनदा घ्यायची कॅप्सूल यांची अदलाबदल तर आपल्याच हातून होऊ शकते. ‘तीच कंपनी नाही, ही घ्या’ हे वाक्य या औषधाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय उच्चारू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रत्यारोपणाआधीची वर्षेही सोपी नसतात. फॉस्फरस रोखणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची असते. रिकाम्या पोटी घेतली तर अन्नातला फॉस्फरस अडत नाही आणि पैसे वाया जातात. पोटॅशियम वाढलेल्या माणसाने मरिना बीचवर तहान लागली म्हणून शहाळे प्यायले, तर हृदयावर बेतू शकते. चेन्नईच्या उकाड्यात हे सांगताना जीव तुटतो, पण सांगावे लागते. गुडघेदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामकेही टाळायला सांगावे लागते.

डिसेंबर 2015 च्या पुरात या शहरातल्या अनेक वस्त्यांची वीज काही दिवस गेली होती. मूत्रपिंडाच्या रुग्णांना लागणारे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते, आणि बर्फाला चिकटून गोठले तरी ते निकामी होते. महागडे इंजेक्शन टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही. अशा वेळी विचारायला एक फोन नंबर हवा, आणि तो आपला असावा.

एक आशेची बाब. मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावणारे डॅपाग्लिफ्लोझिन पूर्वी अनेकांना परवडत नसे. 2020 मध्ये पेटंट संपले, अनेक भारतीय कंपन्यांनी ते आणले आणि किंमत उतरली. पण उलट्या-जुलाब लागले, खाणे-पिणे सुटले की ते तात्पुरते थांबवावे लागते. हे रुग्णाला ठाऊक नसेल, तर स्वस्ताईनेच घात व्हायचा.

म्हणून या परिषदेपुढे माझा प्रस्ताव आहे. मूत्रपिंडाच्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलला औषधांचा एक कागद असावा, तमिळमध्ये आणि त्याच्या घरच्या भाषेत. त्यावर गोळीचे नाव, कंपनी, वेळ, टाळायची औषधे आणि आपला नंबर असावा. नवीन चिठ्ठी आली की आपण तो कागद मागायचा आणि ताडून पाहूनच औषध द्यायचे. दुपारच्या सत्रात त्याचा मसुदा ठेवला आहे, त्यात दुरुस्त्या सुचवा.