"कुठं निघालीस?" "कुठंच नाही!"

तुम्ही आत्ता भाकरी थापताय, का जनावरांना वैरण टाकताय, का रानात खुरपताय, ते मला इथून दिसत नाही. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या. मी बचत गटांची सहयोगिनी. एरवी रेडिओवर आले की मी हप्ता, व्याज, बँकेचं खातं असलंच काहीतरी बोलते. आज त्यातलं काही नाही. आज सायकल. तीही कामावर जायची सायकल नव्हे, नुसती फिरायची सायकल.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या बैठकीत मी सहज विचारलं होतं, सायकल कुणाकुणाला येते? आम्ही अकरा जणी. तीन हात वर आले, चौथा माझा. चौघीही लहानपणी वडलांच्या मोठ्या सायकलीवर, मधल्या दांड्याखालून पाय घालून शिकलेल्या. मी तर बारावीपर्यंत रोज चार किलोमीटर सायकलनं शाळेला जायची. पुढं बीए एसटीनं झालं, लग्न झालं, सायकल माहेरीच राहिली. मग मी विचारलं, तुम्हाला चालवू नको असं कुणी म्हणालं का? कुणीच म्हणालं नव्हतं. कारणच उरलं नाही, एवढंच. पाणी नळाला आलं, गिरणी गल्लीत आली. लांब कुठं जायचं तर मालक गाडीवर सोडतात. काम संपलं तशी सायकल संपली.

मग एक काकी म्हणाल्या, "काम नसताना बाई सायकल घेऊन गावाबाहेर गेली तर लोक काय म्हणतील?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. पण पुढच्या रविवारी सकाळी सहाला आम्ही पाच जणी निघालो.

आता इथं माझी चूक झाली, ती आधी सांगते. आम्ही घरी सांगितलं, "गटाची मीटिंग आहे." हे मीच सुचवलं होतं. तीन रविवार बरे गेले. चौथ्या रविवारी कालव्याच्या उतारावर आमच्या एक वहिनी पडल्या. हाताचं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. सायकल मी आणून दिलेली होती आणि तिचे ब्रेकचे रबर झिजलेले होते. मी ते बघितलं नव्हतं. मीटिंगला गेलेली बाई कालव्यावर कशी पडली, हे दुपारपर्यंत गावभर झालं. दोघी जणी गटातूनच बाहेर पडल्या, कर्ज फेडून, हिशोब चुकता करून.

मी त्या वहिनींच्या घरी गेले. त्यांच्या सासूबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "पडली त्याचं काही नाही. रानात पण पडतात बाया. खोटं कशाला सांगितलं?" मी म्हटलं, "आत्या, फिरायला जातोय असं खरं सांगितलं असतं तर सोडलं असतं का तुम्ही?" त्या म्हणाल्या, "नसतं सोडलं. पण भांडण तरी खऱ्यावरून झालं असतं."

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. घरी खरं सांगायचं. चौकात कुणी विचारलं, "कुठं निघालीस?" तर म्हणायचं, "कुठंच नाही, फिरायला." पहिले काही दिवस हे शब्द घशातून बाहेर पडत नव्हते. काहीतरी काम सांगावं असं जिभेवर यायचं, दळण, औषध, माहेरचा निरोप. बाई म्हटलं की तिच्या प्रत्येक पावलाला काहीतरी कारण लागतं. आमच्या भागातून दरवर्षी माऊलींची पालखी जाते. बाई आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत जाते, तेव्हा तिला कुणी अडवत नाही, कारण ती देवासाठी निघालेली असते. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते, त्यालाही लोक हात जोडतात. आम्ही देवासाठी नाही, दळणासाठी नाही, नुसत्या वाऱ्यासाठी निघालो, हेच लोकांना पचेना. खरं सांगू, आम्हालाही पचत नव्हतं.

असो. तुमच्यापैकी कुणाला सुरुवात करायची असेल तर पहिला प्रश्न येतो, सायकल आणायची कुठून? नवी घेऊ नका. आधी गाव बघा. आम्ही एक दुपार घरोघर फिरलो. माळ्यावर, गोठ्यात, कुडाच्या मागं पडलेल्या चौदा सायकली सापडल्या. त्यातल्या बऱ्याच मुलींच्या शाळेच्या होत्या. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेला जायला सायकल मिळते. काही ठिकाणी जिल्हा परिषदेकडूनही मिळते. मुलगी बारावी होते, कॉलेजला एसटीनं जाते किंवा तिचं लग्न होतं, आणि सायकल गोठ्यात उभी राहते. ती मुलीचीच आहे, तेव्हा तिला फोन करून विचारा. आम्ही विचारलं तर एक जण सासरहून म्हणाली, "आई चालवणार असेल तर देते, दुसऱ्या कुणाला नाही." आता तिची आई चालवते.

चौदातल्या नऊ दुरुस्त होण्याजोग्या निघाल्या. बाजाराच्या गावी सायकल दुरुस्त करणारे एकच काका उरलेत, तेही आता मोटारसायकलींच्या पंक्चरवर पोट भरतात. नऊ सायकली एकदम बघून ते खूश झाले. ट्यूब, ब्रेकचे रबर, कुठं चेन, असं करून एकेकीला साडेतीनशे ते नऊशे रुपये खर्च आला. पैशावरून गटात वाद झालाच. मौजेसाठी अंतर्गत कर्ज द्यायचं का? काकी म्हणाल्या, "उद्या झोपाळ्याला कर्ज मागाल." मला वाटतं काकींचं बरोबर होतं. ज्या पैशातून कुणाचं बाळंतपण, कुणाचं बियाणं भागतं, त्याला हात लावायचा नाही. जिची सायकल तिनं खर्च करायचा असं ठरलं. हवेचा पंप, पाना आणि पंक्चरचं सामान तेवढं सगळ्यांत मिळून घेतलं.

त्या काकांनी आम्हाला जे शिकवलं ते सायकलीपेक्षा मोलाचं आहे. ते म्हणाले, निम्म्या बाया सायकल सोडतात ती हवेमुळं. टायर अंगठ्यानं दाबून बघा, टणक लागला पाहिजे. मऊ टायरवर पायडल जड जातं. आपल्याला वाटतं आपल्या अंगात ताकद नाही. ताकद असते, हवा नसते. शिवाय हवा कमी असली की खड्ड्यात रिम आदळते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. म्हणून निघण्याआधी दर वेळी टायर दाबून बघायचा.

पंक्चर घरी काढता येतं. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात फिरवायची, बुडबुडे येतील तिथं खूण करायची. ट्यूब कोरडी करून पॉलिश पेपरनं घासायची, सोल्युशन लावायचं, ते जरा वाळू द्यायचं, मग पॅच दाबायचा. आपण घाई करतो आणि ओल्या सोल्युशनवरच पॅच लावतो, तो निसटतो. आणि ट्यूब परत घालायच्या आधी टायरच्या आतून जपून हात फिरवायचा. बाभळीचा काटा तिथंच रुतून बसलेला असतो. तो काढला नाही तर दहा पावलांवर दुसरं पंक्चर. आमच्या कालव्याच्या कडेला बाभळीच बाभळी आहेत, त्यामुळं हे काम आता आम्ही गप्पा मारत करतो.

चेनला मशीनचं तेल थोडंसं, मग फडक्यानं पुसून घ्यायचं. घरातलं गोडेतेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं. तेल रिमवर सांडू द्यायचं नाही, नाहीतर ब्रेक घसरतो. ब्रेक दोन्ही मिळून, हळूहळू दाबायचे. उतारावर पुढचा एकटाच करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढं जातं. रबर झिजलेत का ते निघण्याआधी बघायचं. हे मी का सांगते ते तुम्हाला माहीत आहे.

आता शिकायचं कसं? कॅरिअर धरून मागं पळणारा नवरा किंवा भाऊ मिळाला तर उत्तम, पण त्याची गरज नाही. दोन्ही पायडलं पान्यानं काढून टाका. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी बघून घ्या. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. मग शाळेच्या मैदानावर, शाळा सुटल्यावर, हलक्या उतारावर पायांनी ढकलत जा. तोल सापडला की पाय आपोआप उचलले जातात. मग पायडलं बसवा. आमच्यातल्या पंचावन्न वर्षांच्या एक आत्या अशा आठ दिवसांत शिकल्या. चालवता यायला लागली की मात्र सीट वर घ्या. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. खाली सीटवर चालवून गुडघे दुखतात आणि बाया म्हणतात, सायकल सोसत नाही.

तब्येतीचंही सांगते, कारण हे प्रश्न मला कानात विचारले जातात. पाळीत चालवली तर चालते, बरं वाटत नसेल तर नका चालवू. बाळंतपण नुकतंच झालंय, ऑपरेशन झालंय, किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास आहे, तर आधी आशाताईंना आणि डॉक्टरांना विचारा. लाजून गप्प बसू नका.

साडीचं काय, हा पुढचा प्रश्न. नऊवारी सायकलीला उत्तम, काष्टा आपसूक दोन पायांत येतो. पाचवारी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा आणि मागच्या चाकाला साडीची जाळी बसवून घ्या. सगळ्यात धोक्याची ओढणी. ती कमरेला गाठ मारून बांधा, मागच्या चाकात गेली की गळ्याला ओढ बसते.

सायकल लेडीजच हवी असंही नाही. तमिळनाडूत पुदुकोट्टई म्हणून जिल्हा आहे. तिथं 1991 च्या सुमारास साक्षरता मोहीम सुरू झाली, तेव्हा शीला राणी चुंकत या कलेक्टर बाईंनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायला घेतली. लाखभर खेड्यातल्या बाया शिकल्या, असं पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय. त्यात खाणीवर काम करणाऱ्या होत्या, शेतमजूर होत्या. बाजारात लेडीज सायकली संपल्या तर त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुढं पुढं काही जणी मुद्दाम जेंट्सच मागायला लागल्या. कारण मधल्या दांड्यावर लेकरू बसवता येतं! त्यांनाही लोक वाटेल ते बोलले होते.

रस्ता कुठला निवडायचा, हे गावातल्यांना विचारा. पेपर टाकणाऱ्या पोराला माहीत असतं कुठल्या वळणावर कुत्री अंगावर येतात. पोस्टमनला माहीत असतं कुठला रस्ता उखडलाय. आम्ही नीरा उजव्या कालव्याच्या कडेची वाट धरली, गाड्या जवळजवळ नाहीत. पाण्याच्या बाजूनं मात्र जायचं नाही, रानाच्या बाजूनं जायचं. कारखाने सुरू झाले की मोठा रस्ता पूर्ण बंद. उसाचा ट्रॅक्टर मागं दोन ट्रॉल्या ओढत येतो, त्या मागच्या ट्रॉलीला आपण दिसत नसतो. अंधारात निघायचं नाही, हाही नियमच.

तालुक्याच्या गावचे डॉक्टर आणि मास्तर लोक रविवारी गिअरच्या सायकली घेऊन आमच्या पुलापर्यंत येतात. एकदा आम्हीच त्यांना थांबवलं. सायकलीची किंमत ऐकून काकींनी मनातल्या मनात म्हशी मोजल्या. पण माणसं चांगली निघाली. गटानं चालवताना एकामागे एक कसं राहायचं, खड्डा आला की मागच्याला हातानं कसं दाखवायचं, ते त्यांनी शिकवलं. आणि एक जुना पंप दिला. विचारलं नसतं तर आम्ही त्यांना शहरातले साहेब समजून बाजूला होत राहिलो असतो.

गटातून गेलेल्या दोघी परत आलेल्या नाहीत. एक बोलते, दुसरी अजून बोलत नाही. पडलेल्या वहिनी चार महिन्यांनी आल्या. उतार आला की त्या खाली उतरतात आणि सायकल हातात धरून चालतात. आम्ही थांबतो. त्यांच्या सासूबाई परवा वेशीत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "आज कुठवर?" मी म्हटलं, "पुलापर्यंत, आत्या." त्या म्हणाल्या, "मग येताना उशीर होईल, पोरांना मी बघते."

आम्ही दर रविवारी सकाळी सहाला शाळेच्या फाटकापाशी जमतो. उन्हाळ्यात साडेपाचला. सध्या दोन सायकली मोकळ्या आहेत, एक लेडीज, एक जेंट्स. दोन्हींचे ब्रेक मी काल बघितलेत. पंप माझ्या पिशवीत असतो. या, आणि घरी सांगून या.