नकाशावरील पाटी

लग्नसराईत नवरीकडची मंडळी आता ब्यूटी पार्लरही मोबाईलवर शोधतात. जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टींवरून गुगल मुख्यत्वे स्थानिक दुकानांचा क्रम लावते. अंतर कोणाच्या हाती नाही. जुळणी मात्र बरीचशी आहे. व्यवसायाचा मुख्य वर्ग अचूक निवडावा, नकाशावरील खूण दारावरच पडावी, वेळ व सुटीचा वार खरा असावा. पाटीवर जे नाव तेच द्यावे. त्याला ‘सर्वोत्तम’ अशी शेपटे जोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते. ही नोंद विनामूल्य असते. तरीही पैसे घेऊन ती स्वतःच्याच खात्यावर ठेवणारे मध्यस्थ भेटतात. मग दुकान हलले तरी मालकिणीला पत्ता बदलणे अवघड होते. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी शेजारी बसून नोंद तिच्याच खात्यावर करवून द्यावी.