अगोदर बारावी, मग बीए

(पारोळा येथे मुली व पालकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी दहावी झाले आणि लग्न झालं. घरात उर्दू, गल्लीत अहिराणी. पुस्तकातली मराठी मी एकोणतिसाव्या वर्षी पुन्हा हातात घेतली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत सुरू झालं. त्या वेळी बारावी नसलेल्यांसाठी तिथे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम होता. तो केला आणि बीएला प्रवेश घेतला. रविवारी अभ्यासकेंद्र, बाकीचे दिवस शिलाई मशीन. इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी, सगळ्यातलं थोडं थोडं.

शेजारची मावशी म्हणायची, "बीए करीसन काय करशी वं माय?"

तिला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज देते. त्या बीएनंतर मी माझा निकाहनामा पहिल्यांदा नीट वाचला. नगरपालिकेत अर्ज दिला की पोच मागायला शिकले. बचत गटाचा हिशेब दुसऱ्याकडून लिहून घ्यायची वेळ संपली.

पण एक गोष्ट लपवणार नाही. एका भरतीत माझं नाव यादीत आलं. कागदपत्रं तपासताना साहेबांनी बारावीची गुणपत्रिका मागितली. मी पदवी पुढे केली. ते म्हणाले, "ही आहे, पण मधली पायरी कुठे?" मी रिकाम्या हाताने घरी आले. ज्या दाराने मी आत शिरले, त्याच दारापाशी मला अडवलं गेलं. मग छत्तिसाव्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बारावी दिली. त्या साली मुलगी दहावीला होती. एकाच दिव्याखाली दोघी बसायचो.

म्हणून सांगते. बारावी राहिली असेल तर अगोदर ती करा. महाराष्ट्र बोर्डाला बाहेरून बसायचा रस्ता आहे. मुक्त विद्यापीठ त्यानंतरही आहेच.

आता दुसरी गोष्ट, आयांसाठी. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी मिळते. तिच्या जोरावर पुढे विद्यापीठात उरलेली वर्षं करता येतात. आपल्याकडेही नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तिसऱ्याला पदवी अशी सोय आली. चांगली आहे. आजारपण आलं, बाळंतपण आलं, तर केलेलं वाया जात नाही. क्रेडिट खात्यात जमा राहतात.

पण मला भीती वाटते. स्थळ आलं की घरातले म्हणतील, "दोन वर्षं झाली, कागद मिळाला, आता बस." ही सोय थांबलेल्या मुलीला परत येण्यासाठी आहे. चालत्या मुलीला थांबवायला तिचा वापर करू नका. लग्न ठरवताना तिसऱ्या वर्षाचं बोलणंही त्याच बैठकीत करा, सगळ्यांसमोर.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्कल शाळेबाहेरही असते, हे खानदेशाला कोणी शिकवायला नको. पण साहेबाच्या टेबलावर अक्कल दिसत नाही, कागद दिसतो.

आज घरी जाऊन दहावीचा दाखला शोधून ठेवा. ज्यांची बारावी राहिली, त्यांनी जाताना नाव सांगा. फॉर्म भरायला मी सोबत येते.