पडदा शिक्षकासाठी की शिक्षकाऐवजी?

(शिक्षकांच्या एका अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षणातील दृक्‌श्राव्य साधनांची चर्चा आपल्या देशात दर दहा-पंधरा वर्षांनी पहिल्यापासून सुरू होते. यंत्र नवे आले की चर्चा नवी. आधीच्या यंत्राचे काय झाले याची चौकशी करण्याचे सौजन्य सहसा कोणी दाखवीत नाही. १९६१ साली दिल्लीच्या शाळांत दूरदर्शनचे पाठ आले. १९७५ साली उपग्रह आला. १९८४-८५ मध्ये निवडक शाळांत ब्रिटिश बनावटीचे छोटे संगणक आले. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' आकाशात गेला आणि २०१७ मध्ये 'दीक्षा' हे व्यासपीठ भ्रमणध्वनीवर अवतरले. प्रत्येक वेळी आश्वासन एकच होते : खेड्यातील मुलाला शहरातील मुलाच्या तोडीचे शिक्षण आता घरपोच मिळेल. आश्वासन इतक्या वेळा द्यावे लागते, याचाच अर्थ ते आधीच्या खेपेस पुरे झालेले नसते.

या सर्वांपैकी १९७५ चा प्रयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. उपग्रह दूरदर्शन शिक्षण प्रयोग, म्हणजेच 'साईट', १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. उपग्रह अमेरिकेच्या 'नासा'चा, एटीएस-६ नावाचा, वर्षापुरता उसना घेतलेला. कार्यक्रम आणि जमिनीवरील यंत्रणा मात्र भारतीय. या संबंधीचा करार १९६९ साली झाला तेव्हा विक्रम साराभाई हयात होते. डिसेंबर १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रत्यक्ष कार्यवाहीच्या वेळी अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राची धुरा यशपाल यांच्याकडे होती, तर कार्यक्रमाचे व्यवस्थापन कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस पाहत होते. महाराष्ट्र या प्रयोगात नव्हता. आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली गेली होती. आपल्या सोलापूरला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्यांत होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची थाळी शाळेच्या आवारात उभी राहिली. ज्या गावात वीज नव्हती तेथे काही संच बॅटरीवर चालवले गेले. सकाळी मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन.

या आरंभाला एक काळी किनार होती, तीही सांगितली पाहिजे. आणीबाणी जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादलेली असताना दिल्लीचा आवाज ज्या खेड्यांत वर्तमानपत्रही पोहोचत नव्हते तेथे पोहोचू लागला, आणि त्या खेड्यांना उलट प्रश्न विचारण्याची काही सोय नव्हती. प्रक्षेपणाची कळ ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीने ज्ञानही वाहते आणि प्रचारही, हा त्या वर्षाचा अनुभव आजच्या खासगी शिक्षण-कंपन्यांच्या बाबतीतही विसरण्यासारखा नाही.

भाषेचा प्रश्नही तेव्हाच उघडा पडला. तेलुगू, कन्नड आणि उडिया मुलांना त्यांच्या भाषेत कार्यक्रम मिळाले. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तीन राज्यांना मात्र एकच प्रमाण हिंदी. छत्तीसगढी किंवा मैथिली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला ती कितपत कळली असेल? जो कार्यक्रम अधिकाधिक मुलांपर्यंत जावा म्हणून तयार होतो, तो कोणत्याच मुलाच्या घरच्या बोलीत नसतो. मेळघाटातील कोरकू मुलासमोर पुण्यात ध्वनिमुद्रित झालेला मराठी पाठ लावला जातो, तेव्हा हेच घडत असते. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान मंडळाने महाविद्यालयांसाठी दूरदर्शनवर जे पाठ सुरू केले ते तर प्रामुख्याने इंग्रजीत होते, आणि आरंभी त्यांत परदेशी कार्यक्रमांचा भरणा मोठा होता. त्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही.

पण 'साईट'मधील एक भाग असा होता की त्याची आठवण शिक्षकांनी तरी जपायला हवी. ऑक्टोबर १९७५ मध्ये, शाळांना सुटी असताना, प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण याच संचांवरून घेतले गेले. पुढच्या वर्षी त्याची दुसरी फेरी झाली. दोन्ही मिळून सुमारे ४८ हजार शिक्षक त्यात सहभागी झाले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या शैक्षणिक तंत्रविद्या केंद्राने आखलेल्या या योजनेत दूरदर्शनचा पाठ हा अनेक घटकांपैकी केवळ एक घटक होता. त्याच्या जोडीला नभोवाणीचे कार्यक्रम होते, छापील पुस्तिका होत्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या हातांनी करून पाहायचे प्रयोग होते. पडदा दाखवून गप्प होई. मग खोलीतील शिक्षक कामाला लागत. आज ज्याला बहुमाध्यमी अध्यापन म्हणतात त्याचे इतके सुबुद्ध रूप नंतरच्या काळात क्वचितच दिसले.

याच सुमारास, उपग्रहाचा काही संबंध नसताना, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात दुसरे एक काम चालू होते. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू केला. यशपाल आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांचे काही सहकारी त्यातही होते. तेथे टाचणीऐवजी बाभळीचा काटा वापरला जाई. तेथे आलेल्या अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे घेऊन भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे पुण्यात 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत याच गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचे छोटे छोटे चित्रपट केले आणि मराठीसह अनेक भाषांत ते सर्वांना विनामूल्य खुले केले. तो चित्रपट दोन-तीन मिनिटांत संपतो आणि पाहणाऱ्याच्या हाताला काम लावतो. होशंगाबादचा तो उपक्रम मात्र राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केला. हजाराच्या घरात शाळांपर्यंत गेलेले तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले.

आता अर्थशास्त्राच्या अंगाने पाहू. ज्या दोन वस्तू एकमेकींची उपयुक्तता वाढवतात त्यांना पूरक वस्तू म्हणतात. चहा आणि साखर हे क्रमिक पुस्तकातील उदाहरण. एक असली की दुसरीची गरज उरत नाही अशा वस्तूंना पर्यायी म्हणतात. दृक्‌श्राव्य साधन आणि शिक्षक या पूरक बाबी आहेत की पर्यायी, या एका प्रश्नाच्या उत्तरावर सारे धोरण अवलंबून असते. शिक्षकांच्या शिबिरात साधनांना पूरक म्हणायचे आणि वित्तखात्याच्या टिपणीत त्यांना पर्यायी धरायचे, ही सरकारांची जुनी रीत आहे. मोह समजण्यासारखा आहे. पाठ एकदा ध्वनिचित्रित केला की दहा मुलांना दाखवा की दहा लाखांना, वाढीव खर्च नगण्य. उलट शिक्षकाचे वेतन दरमहा द्यावे लागते, त्याला निवृत्तिवेतन द्यावे लागते, आणि तो संघटनाही करतो.

या हिशेबात एक रकाना नेहमी कोरा राहतो. भांडवली खर्चाचे उद्‌घाटन करता येते. आवर्ती खर्चाचे नाही. 'साईट'चे संच वर्षभर चालू राहिले ते दुरुस्तीची स्वतंत्र यंत्रणा उभारून तंत्रज्ञ जीपमधून गावोगाव धाडले म्हणून. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. जयपूर, हैदराबाद, रायपूर, गुलबर्गा, संबलपूर आणि मुझफ्फरपूर येथे पुढे जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे झाली. त्यांच्या टप्प्याबाहेरच्या खेड्यांत ती थाळी तशीच उभी राहिली. महाराष्ट्रात २०१५ नंतर गावोगावी लोकवर्गणीतून शाळा 'डिजिटल' झाल्या. गावाने हौसेने पैसे दिले. (जे काम सरकारचे, त्याची वर्गणी मजुरांकडून घ्यावी लागते आणि तिचे कौतुक मात्र सरकारी अहवालात होते, हा निराळा विषय.) मग वीजबिल थकल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या वारंवार वाचाव्या लागल्या. फळ्याचे बिल येत नसे.

परिणामांविषयीही सावधपणे बोलले पाहिजे. 'साईट'च्या मूल्यमापनात मुलांची भाषा आणि माहिती मिळवण्याची ओढ वाढल्याचे आढळले. हजेरी आणि गळती यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. हे स्वाभाविक होते. मूल शाळा सोडते ते गुरे वळायला, धाकटे भावंड सांभाळायला. तो प्रश्न पडद्याने सुटणारा नव्हता.

२०२० साली महासाथीत शाळा बंद झाल्या आणि पर्यायी वस्तूच्या सिद्धान्ताची देशव्यापी परीक्षा झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील आकड्यांनुसार ग्रामीण भागात संगणक अवघ्या ४.४ टक्के कुटुंबांत आणि आंतरजालाची सोय १४.९ टक्के कुटुंबांत होती. 'असर'च्या २०२० च्या ग्रामीण पाहणीत ६१.८ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला, म्हणजे साधन वेगाने पसरले होते. पण पाहणीपूर्वीच्या आठवड्यात शाळेकडून कोणतेही अभ्याससाहित्य मिळालेली मुले होती जेमतेम एक तृतीयांशाहून थोडी अधिक. घरात एक फोन, तो वडिलांबरोबर कामावर, आणि भावंडे तीन, हे चित्र येथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' मालिकेने त्या वर्षी चांगला प्रयत्न केला, कारण दूरदर्शन संच निदान घरातच असतो. पण याच कामासाठी १९८४ पासून पुण्यात असलेली 'बालचित्रवाणी' ही राज्याची संस्था तीन वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, बंद केली गेली होती. केंद्राचे अनुदान थांबले आणि कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा भार राज्याने उचलला नाही. ज्या वर्षी 'दीक्षा'चा गाजावाजा झाला त्याच वर्षी मराठीतून शैक्षणिक चित्रनिर्मिती करणारी संस्था मोडीत निघाली, हा योगायोग मानणाऱ्यांनी मानावा.

हा सारा इतिहास आज सांगण्याचे कारण असे की, २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचा प्रस्ताव राज्यात पुढे आला. मोठ्या शाळेत संगणककक्ष असेल, पडदा असेल, हा त्याच्या समर्थनातील एक मुद्दा. वाडीवरच्या मुलीला मात्र त्या पडद्यापर्यंत रोज ओढे-नाले ओलांडून जावे लागेल, आणि वाहन एक दिवस आले नाही तर त्या दिवशीची शाळा बुडेल. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक ठरवले आहेत. साधनांचा खर्च या दोन गोष्टींच्या वर हवा, त्यांच्याऐवजी नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना सरकारी पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शाळा उपेक्षित राहतात, अशी तक्रार केली होती. तेव्हा पैसा महाविद्यालयात मुरत असे. आता तो कंत्राटदाराच्या गोदामात मुरण्याचा संभव आहे.

त्याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. येत्या जूनमध्ये या समित्यांच्या बैठका होतील. नवा संच देऊ केला गेला तर त्याचे वीजबिल कोणत्या शीर्षाखाली निघणार, तो बिघडला तर कोण किती दिवसांत येणार, आणि शाळेतील रिक्त पद केव्हा भरणार, हे प्रश्न शिक्षकांनी पालकांना विचारायला सांगावेत. उत्तरे इतिवृत्तात तारखेसह लिहून घ्यावीत, आणि संच त्यानंतर भिंतीवर लावावा.