आपली ओवी

(प्रौढांच्या रात्रीच्या वर्गाची सांगता झाली, त्या वेळी केलेले भाषण)



आज तुम्ही लिहूवाचू लागलात. आम्हाला फार आनंद वाटतो. पण नुसती शाबासकी द्यायला आम्ही उभे राहिलो नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक तुम्हाला सांगायची आहे.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म मास्तरकीत गेला, शेवटी हेडमास्तर झालो. हातात सदा तांबडी पेन्सिल. चूक दिसली की खूण करायची. पेन्शन झाली, पण पेन्सिल काही सुटली नाही.

अशाच एका रात्रीच्या वर्गात एक आक्का येत. वय पन्नाशीचे. अक्षरे नुकती कुठे जुळू लागली होती. आम्ही एकदा सांगितले, "उद्या मनातले काहीतरी लिहून आणा." आक्कांनी ओवी लिहून आणली. कुणाची ऐकलेली नव्हे, स्वतः रचलेली. लेक सासरी गेल्यावर घर कसे वाटले, ते त्या ओवीत होते.

आम्ही काय केले? पेन्सिल काढली. 'व्हतं' खोडून 'होते' केले. 'न्हाई' खोडून 'नाही' केले. 'म्या' होते, तिथे 'मी' केले. मग ती 'शुद्ध' ओवी वर्गात मोठ्याने वाचली. ओवीचा ठेकाच मोडला. दोघे-तिघे हसले. आक्कांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "गुरुजी, आता ती माझी ऱ्हायली न्हाई."

पुढे त्या वर्गाला येत, बाराखडी गिरवीत. पण ओवी काही आणीत नसत. त्यांचे ते वाक्य आमच्या मनातून जाईना.

मंडळी, ओवी कुठे जन्मली, ते आठवा. पहाटेच्या अंधारात बाया जात्यावर बसत. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे सोडायचे. दगड जड. श्रम हलके व्हावेत म्हणून गळ्यातून ओवी निघे. समोर ना सभा, ना टाळी. ऐकणारे कोण? एक जाते, आणि फार तर जवळ निजलेले मूल. माहेर, भाऊराया, विठोबा, सासरचा जाच, जे मनात असेल ते ओवीत येई. चारचौघांत जे बोलायची चोरी, ते जात्यापाशी बोलता येई. ओवी बरी झाली की वाईट, हे बाई कुणाला विचारायला जात नसे.

पुढे गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून ओव्या गोळा केल्या. त्या लाखाच्या वर भरल्या! कोणत्या मास्तराने त्यांना मार्क दिले होते?

आता बहिणाबाई चौधरींचे पाहा. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० साली त्यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड पाहिले नाही. लहान वयात लग्न झाले, ऐन तिशीत वैधव्य आले. घरात राबताना, शेतात खपताना त्या गाणी रचीत. लिहिता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. घरच्यांनी काही गाणी टिपून ठेवली, तेवढी राहिली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. मग सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव दिले गेले.

एवढा मान झाला, पण तो बघायला त्या नव्हत्या. कौतुकाची वाट पाहत बसल्या असत्या, तर आज आपल्याला वाचायला काय मिळाले असते? आणि एक ध्यानात घ्या. पुस्तकात त्यांची खानदेशी बोली तशीच राहिली. तिथे आमच्यासारखा पेन्सिलवाला असता, तर?

म्हणजे कुणाचे काही ऐकूच नये का? तसे नव्हे. बँकेची स्लिप भराल, अर्ज लिहाल, तिथे शुद्धच लिहा. सुतार पोराला रंधा धरायला शिकवतो, तो हात शिकलाच पाहिजे. पण शिकणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे. दारात रांगोळी काढाल, गोधडीला टाके घालाल, भजनाला नवी चाल लावाल, तेव्हा "लोक काय म्हणतील" हे आधी विचारू नका. लोक आज नावे ठेवतात, उद्या वाहवा करतात. त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, तर आपला हात थांबतो.

शेवटी आम्ही आक्कांच्या घरी गेलो. वहीतल्या तांबड्या खुणा रबराने पुसायला गेलो, तर कागदच फाटला. आम्ही म्हणालो, "आक्का, आमचं चुकलं." त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नवी वही द्या, गुरुजी. पर ती तुमी वाचायची न्हाई."

आम्ही वही दिली. ती भरली की कोरीच आहे, आम्हाला ठाऊक नाही. आम्ही विचारीत नाही.

आज तुम्हा प्रत्येकाला एक वही मिळणार आहे. तीही आम्ही तपासणार नाही.