एक जपानी क्रियापद आणि आपली मराठी



परभाषा शिकताना शंभर शब्द पाठ असण्यापेक्षा एक क्रियापद नीट चालवता येणे अधिक मोलाचे असते. म्हणून जपानीतील ‘अकेरु’, म्हणजे ‘उघडणे’, हे सकर्मक क्रियापद आज आपल्यापुढे ठेवतो.

‘मादो’ म्हणजे खिडकी. ‘मादो ओ अकेरु’ म्हणजे ‘खिडकी उघडतो’. कर्मामागोमाग ‘ओ’ हा प्रत्यय आणि शेवटी क्रियापद, ही रचना मराठी माणसाला परकी वाटू नये. लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलत नाही. भूतकाळी ‘अकेता’, नकारार्थी ‘अकेनाई’, आदरार्थी ‘अकेमासु’. मात्र खिडकी आपोआप उघडली, तर क्रियापदच बदलते: ‘मादो गा अकु’. मराठीत ‘उघडणे’ ही दोन्ही कामे करते. पण ‘पडणे-पाडणे’, ‘फुटणे-फोडणे’ अशा जोड्या आपल्या घरच्याच आहेत.

पुढे नाते अधिकच जवळ येते. ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘अकेते ओकु’ म्हणजे ‘उघडून ठेवणे’ आणि ‘अकेते मिरु’ म्हणजे ‘उघडून पाहणे’. इंग्रजीच्या वाटेने जाणाऱ्याला हे नियम घोकावे लागतात. मराठीच्या वाटेने जाणाऱ्याला ते ओळखीचे भेटतात.

या व्याकरणात सौजन्यही दडलेले आहे. यजमानाचा पेला हातून फुटला, तर ‘कोप्पु गा वारेमाशिता’, म्हणजे ‘पेला फुटला’, एवढेच म्हणणे अंग काढून घेतल्यासारखे होते. तेथे सकर्मक ‘वारु’ योजून ‘वात्ते शिमाइमाशिता’, ‘फोडून बसलो’, असे म्हणणे शोभते. उलट, पाहुण्यासाठी चहा करणारी व्यक्ती अकर्मक क्रियापदाने ‘ओचा गा हाइरिमाशिता’ म्हणते. आपणही ‘चहा झाला’ असेच म्हणतो. दोष पदरी घ्यावा, श्रम झाकावेत, हा विवेक दोन क्रियापदांच्या निवडीत आहे.

महाराष्ट्राबाहेर शंभर वर्षे मराठी जपणाऱ्या या वास्तूत एकच विनंती करतो. आपली मुले-नातवंडे आज नोकरी-शिक्षणासाठी परभाषा शिकतात आणि त्या बहुधा इंग्रजीतूनच शिकतात. मराठी त्यांना त्या वेळी निरुपयोगी वाटू लागते. ती तशी नाही. परभाषेच्या कोशांशेजारी मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ही मांडावे, आणि कोश मागायला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती तेही आवर्जून द्यावे.